उस्तेद, वस्ताद आणि मी

कोल्हापुरात स्पॅनिश भाषा मी आणली आणि तीन दिवसांत मीच ती हाकलून दिली.

हे मी स्वतः लिहितेय याला कारण आहे. आमच्या घरात ही हकीकत सांगणारी माणसं बरीच, आणि प्रत्येकजण ती मधूनच सुरू करतो. कुणी जेवणापासून, कुणी थेट स्टेशनपासून. मला क्रम चुकलेला खपत नाही. अब्रू जायचीच असेल तर ती निदान ओळीनं जावी!

तर सत्तरच्या आसपासची गोष्ट. उद्यमनगरात आमचे हे आणि त्यांचे काका मिळून एक लहानशी फौंड्री चालवत. तिथं गुऱ्हाळासाठी ऊस गाळायचे लोखंडी चरक ओतले जात. पण साखर कारखान्यांचे ट्रक शेतातून ऊस उचलून न्यायला लागले, गुऱ्हाळं एकेक करून बंद पडली आणि आमची भट्टी महिन्यातून जेमतेम चारदा पेटायला लागली. बाकीचे दिवस चौदा माणसं पत्र्याच्या शेडखाली बसून तंबाखू मळत. काका सत्तरीचे. उन्हाळ्यातसुद्धा कोटाची वरची गुंडी न सोडणारे. एक दिवस त्यांनी शेडच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "दिवाळीपातूर काम आलं तर आलं. न्हाईतर शेड इकायची, सगळी घरला, आन् मी देव-देव करत फिरायला मोकळा!"

काका बोलले की बोलले. घरात त्यांच्यापुढं बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आमच्या ह्यांची तर नव्हतीच. (ह्यांची कुणाहीपुढं नव्हती. माझ्यापुढंही नाही. पण तो वेगळा विषय.)

अशात मुंबईच्या एका दलालाचा ट्रंक कॉल आला. कोलंबिया नावाच्या देशात आपल्यासारखाच गूळ करतात आणि तिथले लोक चरक शोधत भारतात यायला निघालेत, असं त्याचं म्हणणं. हा दलाल म्हणजे स्वतःच्या उच्चारांवर भाळलेला मनुष्य. दोन वर्षं कुठल्याशा बोटीवर काढली होती, तेवढ्यावर परदेशी शब्द अगदी तिकडच्यासारखे उच्चारायचा. फोनवर ह्यांना म्हणाला, "सोमवारी सकाळच्या गाडीनं येतायत. दोन अर्सेनिओ!"

"दोन?"

"हो, दोन अर्सेनिओ! आदरानं वागवा."

ह्यांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "दोघं येणार हाईत. भाऊ असणार. आडनाव अर्सेनिओ."

मी लगेच यादीला बसले. दोन गाद्या, दोन हार, दोन फेटे, दोन पितळी तांबे, घंगाळाशेजारी दोन पाट. यादीच्या बाबतीत मी एवढंच सांगते की आमच्या गल्लीतली चार लग्नं माझ्या याद्यांवर पार पडली आणि एकाही लग्नात मीठ कमी पडलं नाही.

आता प्रश्न बोलायचा. दलाल म्हणाला होता की पाहुण्यांना इंग्रजी येतं, पण कामापुरतं. आमच्या ह्यांचं इंग्रजी त्याहून थोडकं. त्यात 'येस' हा एकच शब्द होता आणि समोरच्याला कळलं नाही तर ते तो मोठ्यानं म्हणत. बी. ए. झालेली घरात मी एकटी. म्हटलं, स्पॅनिशच शिकून घ्यावं. मुंबईच्या मावसभावाला लिहून महिन्याभरात स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक मागवलं. ते आलं तेव्हा सोमवारला नऊ दिवस उरले होते. म्हणून मी ठरवलं की सगळी भाषा शिकायची नाहीच, फक्त माणसं शिकायची. कुणाला काय म्हणायचं एवढं पक्कं झालं की बाकीचं हातवाऱ्यांवर भागतं.

फुलस्केप कागदावर चार रकाने आखले. त्यांचा शब्द, आपला शब्द, कुणाला म्हणायचा, कधी म्हणायचा. सेन्योर म्हणजे बाप्या. सेन्योरा म्हणजे लग्न झालेली. सेन्योरिता म्हणजे व्हायची असलेली. मग आली खरी खुबी. त्यांच्याकडंही आपल्यासारखीच दोन संबोधनं! परक्या माणसाला म्हणायचं 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. आणि घरच्या माणसाला म्हणायचं 'तू', म्हणजे तू!

"काय सांगतीस?" हे म्हणाले. "तू ला तूच म्हणत्यात? मग नऊ दिवस कशाला पायजेत? निम्मी भाषा आली की मला!"

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी पुढं वाचलं. परका मनुष्य जवळचा झाला की 'उस्तेद' सोडून 'तू'वर यायचं, तेच सौजन्य, असं पुस्तकात होतं. मात्र जवळचा नेमका कधी झाला हे त्या लेखकानं लिहिलं नव्हतं. अर्धवट काम! शेवटी मीच निळ्या पेन्सिलीनं लिहिलं: 'पहिला दिवस, उस्तेद. दुसरा दिवस, दुपारचं जेवण, पहिलं वाढप झाल्यावर, तू.'

सोमवारी सकाळी स्टेशनवर आम्ही चौघं. मी, हे, काका आणि तुकाराम मिस्त्री. मिस्त्री म्हणजे फौंड्रीतला सगळ्यात जाणता मनुष्य. तरुणपणी तालमीत होता. गुडघा गेला आणि मातीतून उठून लोखंडात आला.

गाडीतून एक जण उतरला. बुटका, गव्हाळ, झुपकेदार मिशांचा, डोक्यावर वेताची हॅट. ह्यांनी त्याला हार घातला आणि दुसरा हार हातात धरून त्याच्या पाठीमागं बघत राहिले.

"दुसरं कुठं हाय?" काका गरजले.

डबा रिकामा होत आला. मिस्त्री आत चढला, बाकांखाली वाकून बघून आला. "न्हाय कोण. एक चप्पल घावलीया."

"मिरजंला च्याला उतारलं आसंल!" काका म्हणाले. "तार करा मिरजंला!"

पाहुण्यानं छातीवर हात ठेवला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "दोन अर्सेनिओ."

"बगा! त्योबी दोनच म्हणालाय!" म्हणत ह्यांनी दोन बोटं वर केली. पाहुण्याला वाटलं, ही इथली नमस्काराची रीत असावी. त्यानंही दोन बोटं वर केली. मग काकांनी केली. चांगली पाच मिनिटं आमच्या घरचे दोन आणि कोलंबियाचा एक असे तीन पुरुष कोल्हापूर स्टेशनवर एकमेकांना दोन बोटं दाखवत उभे होते. मी पिशवीतून पुस्तक काढलं. जिथवर मी वाचत आले होते तिथून पुढं तिसऱ्याच पानावर सापडलं: 'दोन, पुरुषाच्या नावाआधी लावायचा आदरार्थी शब्द.' म्हणजे आपलं 'राव', फक्त पुढच्या बाजूला.

"अहो, हे एकटेच आहेत," मी म्हटलं. "दोन म्हणजे एकच."

ह्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही. दुसरा हारही त्यालाच घातला. हार परत न्यायचे का!

घरी चहा ठेवला आणि मी ओळखी करून द्यायला सुरुवात केली. काकांकडं हात करून म्हटलं, "काका."

पाहुण्याचा कप ओठांशी थांबला. "काका?"

"येस!" हे मोठ्यानं म्हणाले. "काका!"

त्याला नीट उलगडा व्हावा म्हणून मी इंग्रजीत सांगितलं, "फादर्स ब्रदर. व्हेरी बिग काका."

पाहुणा मिशांपर्यंत लाल झाला. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, रुमालात तोंड खुपसून तो गदगदा हलायला लागला. काका गहिवरले. "बगा, नुसतं नाव ऐकून गडी कसा भरून आलाय. न्हाईतर तुमी!" (त्यांच्याकडं लहान मुलाच्या 'शी'ला 'काका' म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुस्तक सभ्य होतं, त्यात नव्हतं. काका असेपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. पण घरात दिवसभर 'काका आले', 'काका बसले', 'काका, पाटावर या' चाललेलं होतं, आणि तो भला मनुष्य दर वेळी रुमाल चावत होता.)

मग तो सासूबाईंपुढं वाकला आणि ह्यांना म्हणाला, "मामा?"

"नो, नो," हे म्हणाले. "मामा इन गडहिंग्लज."

पाहुण्यानं मोठ्या करुणेनं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कारण त्यांच्याकडं 'मामा' म्हणजे आई! पोटच्या पोरापासून आई दूर, आणि घरात ही कोण दुसरी म्हातारी, असा त्याचा समज झाला.

"मला मामा म्हणालंय व्हय ह्ये?" सासूबाई फणकारल्या. "डोळं हाईत का बटनं?"

एवढं झालं तरी माझा माझ्या कागदावरचा विश्वास ढळला नाही. उलट त्याच दुपारी फौंड्रीत तो जास्तच पक्का झाला.

पाहुण्यानं चरकाच्या लाटांवरून, म्हणजे ऊस पिळणाऱ्या लोखंडी रुळांवरून हात फिरवला, दात मोजले, वाकून बघितलं, आणि मिस्त्रीकडं बोट करून आदरानं विचारलं, "उस्तेद?" म्हणजे, हे तुम्ही केलंत?

शेडमध्ये तंबाखू मळणारे हात थांबले.

"काय म्हणालं पावणं?" मिस्त्रीनं विचारलं.

"वस्ताद म्हणालं तुमास्नी!" मागून कुणीतरी ओरडलं.

आता कोल्हापुरात 'वस्ताद' म्हणजे काय हे मी सांगायला नको. तालमीत ज्याच्या पायाला हात लावल्याशिवाय मातीत उतरत नाहीत तो. मिस्त्रीनं उभी हयात त्या शब्दाची वाट बघितली होती. गुडघा गेला आणि शब्दही गेला. आता तो कोलंबियातून आला! मिस्त्रीनं टोपी काढली. "छ्या, छ्या! आमी कसलं? वस्ताद तुमी!"

पाहुणा चकित. एवढ्या लांब, लोखंडाच्या राशीत उभा असलेला मनुष्य आपल्या भाषेत आपल्याला 'तुम्ही' म्हणतोय! त्यानं हॅट काढली. "नो, नो, उस्तेद!"

"न्हाय ओ, वस्ताद तुमी!"

"उस्तेद!"

"वस्ताद!"

मी मध्ये पडले. "मिस्त्री, ते वस्ताद नाही, उस्तेद म्हणतायत. उस्तेद म्हणजे तुम्ही."

"मग त्येच की वैनी! मीच की वस्ताद!"

संध्याकाळपर्यंत पाहुणा बाह्या सरसावून मिस्त्रीशेजारी उकिडवा बसला होता आणि दोघांनी मिळून साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला. एक शब्द समाईक, पण संभाषण अखंड! जाताना पाहुण्यानं ह्यांना कामापुरत्या इंग्रजीत सांगितलं की उद्या जेवण झाल्यावर चाळीस चरकांचा करार करू. काका त्या रात्री एकही वाक्य ओरडून बोलले नाहीत.

म्हणजे सगळं झालं होतं. फक्त जेवण तेवढं वाढायचं होतं. आणि ते मी वाढणार होते.

जेवण वाढायचं म्हणजे आग्रह आला. आग्रह करायचा म्हणजे 'पाहिजे का?' विचारायला हवं. क्रियापदं मी शिकले नव्हते, पण पुस्तकात एक चांगलं सापडलं: 'किएरो', म्हणजे मला पाहिजे. आणि 'ते' म्हणजे तुला. यापुढं डोकं चालवायला काय लागतं? मला पाहिजे, तुला पाहिजे. 'पाहिजे' तेच, फक्त मागचा माणूस बदलायचा. तेव्हा 'ते किएरो' म्हणजे 'तुला पाहिजे'! मी ते कागदावर लिहून खाली लाल रेघ मारली.

पाट मांडले. पाहुणा, हे आणि काका पंगतीला, सासूबाई भिंतीशी. मटण, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, भाकरी, भात. पहिलं वाढप झालं. मी कागदाकडं पाहिलं. 'तू'ची वेळ झाली होती.

डाव भरून घेतला, पाहुण्यापुढं वाकले आणि हसून म्हटलं, "तू."

पाहुण्याचा घास हातातच राहिला.

"तू," मी पुन्हा म्हटलं, उच्चार नीट कळावा म्हणून जरा लांबवून. "ते किएरो?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग ह्यांच्याकडं पाहिलं. हे तोंडभर हसून म्हणाले, "येस! येस!"

मला वाटलं, लाजतोय. कोल्हापुरात पाहुणा लाजला की काय करतात? आवाज वाढवतात. मी भाताकडं वळले. "ते किएरो?" भाकरीकडं. "ते किएरो?" पांढऱ्या रश्शाकडं. "ते किएरो! मास?" (मास म्हणजे आणखी.)

"मास न्हवं, मटन म्हणावं पावण्याफुडं," हे म्हणाले.

पाहुणा पाटासकट मागं सरकला. मी पातेल्यासकट पुढं सरकले.

"आगं, नुसतं इचारतीस काय?" सासूबाई भिंतीकडून म्हणाल्या. "लाजरं हाय ते. पुरुसमाणसाला असं लांबून इचारत्यात व्हय? जवळ बसून दे की!"

मी जवळ बसले. पाहुण्याच्या कपाळावरून घाम निथळत होता (तांबडा रस्सा, मी म्हटलं). तो काकांकडं हात जोडून काहीतरी पुटपुटला. काकांनी राजासारखी मान हलवली आणि म्हणाले, "घ्या, घ्या! घरचंच हाय!"

अकरा वेळा. मला आकडा ठाऊक आहे, कारण आग्रह कमी पडू नये म्हणून मी त्याच कागदावर दर वेळी एक उभी रेघ मारत होते.

जेवण संपलं आणि पाहुणा ह्यांना दंडाला धरून जवळजवळ पळतच बाहेर घेऊन गेला. सव्वाचारला हे एकटेच परत आले.

"लई भला माणूस," चप्पल काढता काढता म्हणाले. "काय म्हणालं ठाऊक हाय? सेन्योरा लव्ह मी! दोनदा म्हणालं. हात जोडून म्हणालं."

"काय?" मी म्हटलं.

"मग मी काय सोडतोय! मी म्हटलं, येस! ऑल लव्ह यू! माय मदर ऑल्सो लव्ह यू! काका ऑल्सो लव्ह यू!"

"मग?"

"मग त्येनं सोप्यातली ब्याग मागितली. ठेसनात सोडून आलो त्येला. पाचच्या गाडीनं चाललाय."

"आणि करार?"

"त्येचं काय बोलला न्हाय," हे म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनाही ते कळायला लागलं. चेहरा हळूहळू उतरला. दारात काका उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते नेहमीसारखे ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "मिस्त्रीला सांगा. भट्टी इझवा."

मी पुस्तक उघडलं. शेवटचं पान शिलाईतून सुटून मलपृष्ठाला चिकटलं होतं. सुरीनं सोडवलं. मथळा होता, 'नेहमी लागणारी वाक्यं'. स्टेशन कुठं आहे, पाणी द्या, किती वाजले. आणि त्याखाली: 'ते किएरो, माझं तुझ्यावर प्रेम आहे.'

मी एक विवाहित बाई. हातात डाव. समोर परपुरुष. शेजारी नवरा, 'येस, येस' म्हणणारा. भिंतीशी सासू, जवळ बसून दे म्हणणारी. आणि हे अकरा वेळा, रेघा मारून!

रडायला वेळ नव्हता. ह्यांना म्हटलं, मिस्त्रीला घेऊन या, आणि टांगा करून मी स्टेशन गाठलं. वाटेत वाक्य तयार केलं. नाही म्हणजे 'नो', बाकीचं पाठच होतं. पाहुणा खिडकीशी बसलेला दिसला. मला बघताच त्यानं खिडकी खाली ओढायला सुरुवात केली. गाडीनं पहिली शिट्टी दिली. मग मी फलाटावरूनच, आमच्या गावाला शोभेल अशा आवाजात ओरडले, "नो ते किएरो!"

हमाल थांबले. चहावाला थांबला.

"नो ते किएरो!" मी पळत पुढं गेले. नुकत्याच धापा टाकत आलेल्या ह्यांच्याकडं बोट करून ओरडले, "ही नो ते किएरो! मदर नो ते किएरो! व्हेरी बिग काका नो ते किएरो!"

"काय झालं वो?" कुणीतरी हमालाला विचारलं.

"काय म्हाईत. पर बाईचा न्हकार हाय. एकदम पक्का."

मी खिडकीत पुस्तकाचं ते सुटं पान धरलं, 'ते किएरो'वर बोट ठेवलं, मग माझ्या कागदावरची लाल रेघ दाखवली. "राँग! राँग! राईस! राईस ते किएरो!" असं ओरडत हातानं वाढायची खूण केली. पाहुणा पानाकडं बघत राहिला. कागदाकडं बघितलं. अकरा रेघांकडं बघितलं. मग त्याच्या मिशा थरथरल्या, आणि तो बाकावर आडवा होऊन असा हसला की समोरच्या प्रवाशांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

डोळे पुसत त्यानं कामापुरत्या इंग्रजीत सगळं सांगितलं. काकांचा अर्थही तेव्हाच कळला. पण मला खरा घाव वेगळ्याच ठिकाणी बसला. त्याच्या डोंगराळ मुलखात बायकोला उस्तेद, आईला उस्तेद, पोरांना उस्तेद, खेचरालासुद्धा उस्तेद! तिथं 'तू' म्हणतात ते शहरातले छचोर तरुण, आणि तेही पोरी पटवताना. म्हणजे 'किएरो'चा घोळ नंतरचा. माझं वाटोळं निळ्या पेन्सिलीनंच झालं होतं.

तोवर मिस्त्री लंगडत डब्यात चढला होता आणि दुसरी शिट्टी होऊन गाडी हलली होती. त्यानं पाहुण्याची ब्याग उचलून खांद्यावर टाकली. "चला वस्ताद, उतरा. भट्टी इझवू दिली न्हाय म्या."

पाहुण्याला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पहिल्या शब्दानंतरचा आणि तिसऱ्याच्या अलीकडचा तो एक शब्द सोडला तर. पण जे कळलं तेवढ्यावर तो उतरला. चालत्या गाडीतून, हॅट धरून.

चाळीस चरकांचा करार दुसऱ्या दिवशी शेडमध्ये झाला. त्या दिवशी पाहुणा मिस्त्रीच्या घरी जेवला. मिस्त्रीच्या बायकोला ना स्पॅनिश ना इंग्रजी. तिनं न विचारता वाढलं, तो न बोलता जेवला. चौदा माणसं कामाला लागली, काकांचं देव-देव राहिलं, आणि फौंड्रीत मिस्त्रीला सगळे वस्ताद म्हणायला लागले ते कायमचेच.

चरक पोचल्यावर पाच-सहा महिन्यांनी कोलंबियाहून पत्र आलं. पाहुण्याच्या बायकोचं, स्पॅनिशमध्ये, आणि पाकिटावर माझं नाव! मी सगळ्यांना चहाला बसवलं. काका, सासूबाई, हे, मिस्त्री. म्हटलं, होऊन जाऊ दे. दोन संध्याकाळ शब्दकोश घेऊन बसले होते, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या होत्या, त्या वाचता वाचताच लावू म्हटलं. आणि मी खुर्चीवर ताठ बसून मोठ्यानं वाचायला लागले: "आदरणीय सेन्योरा, चरक उत्तम चालतात. माझे पती मिस्त्रींची आठवण रोज काढतात. थोरल्या सेन्योरांना नमस्कार. तुमच्या हातच्या जेवणाचंही माझे पती फार कौतुक करतात."

"बगा!" सासूबाई म्हणाल्या.

मी पुढचे शब्द एकेक करून लावत, खड्या आवाजात, कुठंही न अडखळता वाचत गेले: "त्यांनी मला सर्व काही सांगितलं आहे. त्यावर मी विचार केला आहे. ते पुन्हा आले, तर त्यांना कृपया मिस्त्रींनी वाढावं."

माझ्या स्पॅनिश भाषांतरात एकही चूक नसल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.